केसदान: कापलेली वेणी कॅन्सर पेशंटच्या डोक्यापर्यंत पोहोचते तरी कशी?

सलूनची खुर्ची. अंगावर काळं कापड. रबरबँड लावून घट्ट बांधलेल्या चार पोनीटेल. कात्री चालते, केसांचा जाड झुपका हातात येतो आणि खुर्चीतली मुलगी एकाच वेळी हसते आणि डोळे पुसते. खाली कॅप्शन असतं: 'कॅन्सर पेशंटसाठी माझ्याकडून एक छोटीशी भेट'.

अशी रील्स तुमच्याही फीडमध्ये आली असतील. कुणी वाढदिवसाला केस दान करतं, कुणी आईच्या आठवणीत. २०१९ मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्यानं गुडघ्यापर्यंतचे केस कापून डोकं पूर्ण भादरलं, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली होती. आता कॉलेजच्या एनएसएस युनिटपासून रोटरी क्लबपर्यंत अनेक जण केसदानाची शिबिरं घेतात.

तीस सेकंदांचं रील कात्रीपाशी संपतं. केसांचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो. तो नीट पार पडला तर वर्षभरानं कुणीतरी डोक्यावरचा स्कार्फ काढून आरशासमोर उभी राहते. नाही पार पडला, तर तीच वेणी कुरियरच्या पाकिटात कुबट होते, लांबी कमी म्हणून बाजूला पडते किंवा केसांच्या बाजारात विकली जाते.

म्हणून केसदान करायचं की नाही, याहून महत्त्वाचा प्रश्न आहे: केस कापल्यावर नेमकं काय होतं? आणि ते होण्यासाठी केसांखेरीज आणखी काय लागतं?

केस गळतात ते नेमके कशामुळे?

बहुतेकांच्या डोक्यात केसदान म्हटलं की कॅन्सर येतो. ते बरोबरच आहे, पण थोडं अपुरं आहे.

कीमोथेरपीची औषधं झपाट्यानं विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात. अडचण अशी की केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच असतात. डोक्यावरचे साधारण ९० टक्के केस कुठल्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात. त्यामुळे औषधाचा फटका एकदम बसतो. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, कंगव्यात, बाथरूमच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. भुवया आणि पापण्याही जाऊ शकतात.

प्रत्येक कीमोनं केस जातातच असं नाही. काही औषधांनी ते फक्त विरळ होतात. पण डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, पॅक्लिटॅक्सेल, डोसीटॅक्सेल या औषधांनी केस जाण्याची शक्यता खूप मोठी असते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हीच औषधं सर्रास वापरली जातात. आयसीएमआरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कॅन्सरचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण आढळले आणि स्त्रियांमध्ये सर्वाधिक प्रमाण स्तनाच्या कॅन्सरचं होतं. यावरून विगची गरज किती जणींना पडत असेल, याची कल्पना येते.

कीमोनं गेलेले केस बहुतेकांना परत येतात. उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत डोक्यावर चांगली वाढ दिसते. कधी कधी सरळ केसांच्या जागी कुरळे केस येतात. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर मात्र डोसनुसार त्या भागातले केस कायमचेही जाऊ शकतात.

दुसरं कारण आहे अ‍ॅलोपेशिया एरियाटा. मराठीत आपण याला 'चाई पडणं' म्हणतो. हा ऑटोइम्यून आजार आहे. म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. काहींना नाण्याएवढा एखादा डाग पडतो आणि भरून येतो. काहींच्या मात्र संपूर्ण डोक्यावरचे, तर काहींच्या संपूर्ण अंगावरचे केस जातात. मार्च २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात विल स्मिथनं क्रिस रॉकच्या कानाखाली मारली, ती पत्नी जेडा पिंकेट स्मिथच्या भादरलेल्या डोक्यावर केलेल्या विनोदामुळे. तिला अ‍ॅलोपेशिया आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं प्रौढांमधल्या तीव्र अ‍ॅलोपेशिया एरियाटासाठी बॅरिसिटिनिब या गोळीला मंजुरी दिली. तरी हे औषध सर्वांना लागू पडतं असं नाही.

चाई आणि कीमो यांत एक मोठा फरक आहे. कीमोच्या पेशंटला विग काही महिन्यांपुरता लागतो. चाईमुळे सगळे केस गमावलेल्या लहान मुलीला तो वर्षानुवर्षं लागू शकतो आणि डोकं वाढेल तसा बदलावाही लागतो. परदेशातल्या अनेक केसदान संस्था प्रामुख्यानं मुलांसाठी काम करतात, त्यामागचं हे एक कारण आहे.

'केसच तर आहेत, येतील परत'

आजारी माणसाला भेटायला आलेले नातेवाईक हे वाक्य हमखास ऐकवतात. जीव वाचतोय तर केसांचं काय घेऊन बसायचं, असा त्यामागचा सूर असतो.

पण केस गेले की आजार सगळ्यांना दिसू लागतो. तोवर सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, हे पेशंटच्या हातात असतं. डोक्यावर स्कार्फ आला की लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मुलाच्या शाळेच्या गेटवर प्रत्येक नजर प्रश्न विचारते.

महाराष्ट्राला याचा ताजा अनुभव आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले. काहींना तर तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. आयसीएमआरचं पथक गावात आलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवलं. पुढे अनेकांचे केस परत आले. पण मधल्या काळात मुला-मुलींनी कॉलेजला जाणं टाळलं, ठरलेली लग्नं अडली, अशा बातम्या येत होत्या. हा जीवघेणा आजार नव्हता. तरी गावांचं रोजचं जगणं अडखळलं.

बाईच्या बाबतीत हे ओझं आणखी जुनं आहे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या लांब केस म्हणजे सौभाग्य आणि मुंडण केलेलं बाईचं डोकं म्हणजे अशुभ, असं समीकरण होतं. विधवांचं सक्तीचं केशवपन ही त्याचीच क्रूर बाजू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सत्यशोधक चळवळीच्या प्रयत्नांतून मुंबईतल्या नाभिकांनी हे काम करायला नकार दिला, तो इतिहास आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. प्रथा गेली. पण केस नसलेल्या बाईकडे पाहताना चेहऱ्यावर येणारी ती दचक पूर्ण गेली, असं म्हणवत नाही.

म्हणूनच २०१८ मध्ये सोनाली बेंद्रेनं कॅन्सरच्या उपचारांदरम्यान केस कापतानाचा व्हिडिओ आणि पुढे बिनकेसांचे फोटो टाकले, तेव्हा ते लाखो लोकांपर्यंत पोहोचले. तिनं विग वापरल्याचंही मोकळेपणानं सांगितलं होतं.

वेणीचा विग होतो कसा?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तुमची पोनीटेल संस्थेकडे पोहोचली. पुढे काय?

आधी छाननी होते. लांबी, रंग, पोत आणि केसांची अवस्था पाहून गठ्ठे वेगळे केले जातात. मग केस उभ्या खिळ्यांच्या फणीतून ओढले जातात. या टप्प्यावर तुटके आणि आखूड केस गळून पडतात. त्यानंतर धुणं, निर्जंतुक करणं, वाळवणं आणि गरजेप्रमाणे रंगवणं.

यात एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट असते. प्रत्येक केसावर माशाच्या खवल्यांसारखं सूक्ष्म आवरण असतं आणि ते मुळाकडून टोकाकडे झुकलेलं असतं. सगळे केस एकाच दिशेनं असतील तर ते मऊ आणि मोकळे राहतात. काही उलटे, काही सुलटे झाले की खवले एकमेकांत अडकतात आणि विगचा गुंता होतो. जमिनीवरून गोळा केलेले केस दानासाठी चालत नाहीत, ते यामुळेच. कुठलं टोक मुळाकडचं, हे त्यात ओळखता येत नाही. बाजारात एका दिशेनं ठेवलेल्या केसांना 'रेमी' म्हणतात आणि त्यांना भाव जास्त मिळतो.

मग येतो सर्वांत वेळखाऊ भाग. डोक्याच्या मापाच्या बारीक जाळीवर क्रोशाच्या सुईसारख्या हुकानं केस ओवून गाठी मारल्या जातात. एका वेळी एक किंवा दोन-तीनच केस. हातानं विणलेल्या पूर्ण विगमध्ये अशा हजारो गाठी असतात आणि एका विगला कारागिराचे कित्येक दिवस, कधी कधी आठवडे जातात. मशिननं शिवलेल्या पट्ट्यांचे विग लवकर आणि स्वस्तात होतात. पण कीमोनंतर टाळू अतिशय नाजूक झालेली असते. त्यावर जाड शिवण टोचते, घाम येतो, खाज सुटते. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावात असा विग घालून बसस्टॉपवर उभं राहणं काय असेल, याची कल्पना करून बघा.

म्हणजे केस हा विगचा कच्चा माल झाला. कारागिरी, जाळी, मापं घेणं, दुरुस्ती या सगळ्याचा खर्च केस फुकट मिळाले तरी उरतोच.

१२ इंचांची अट कशासाठी?

भारतातल्या बहुतेक संस्था साधारण १२ इंच लांबी मागतात. अनेकांना हा अडवणुकीचा नियम वाटतो. त्यामागचं गणित असं आहे.

गाठ मारताना केस दुमडावा लागतो, त्यात लांबी जाते. शेवटी विगला आकार देताना टोकं कापली जातात, त्यात आणखी जाते. शिवाय पोनीटेलमधला प्रत्येक केस १२ इंचांचा नसतोच. काही केस नव्यानं उगवलेले असतात, स्टेप किंवा लेअर कट असेल तर निम्मे आखूडच असतात. फणीतून काढल्यावर जाडजूड दिसणारी वेणी पाहता पाहता बारीक होते.

यामुळेच एका विगला एक वेणी पुरत नाही. अमेरिकेतली 'लॉक्स ऑफ लव्ह' ही संस्था १९९७ पासून मुलांसाठी हे काम करते. एका विगसाठी ६ ते १० पोनीटेल लागतात, असं ती सांगते. रीलमध्ये एका मुलीचे केस एका पेशंटला मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एका पेशंटच्या डोक्यावर सहा-सात अनोळखी जणींचे केस असतात.

दुसरी अट रंगाची. ब्लीच केलेले केस प्रक्रियेत तुटतात, म्हणून ते सहसा नाकारले जातात. डाय किंवा मेंदी लावलेले केस काही संस्था घेतात, काही घेत नाहीत. स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, केराटिन केलेल्या केसांचंही तसंच. थोडे पांढरे केस असले तर अनेक ठिकाणी चालतात. पाठवण्याआधी विचारून घेणं बरं.

आणि तिसरी अट आपल्याकडे सर्वाधिक मोडली जाते: केस स्वच्छ आणि पूर्ण कोरडे हवेत. तेल लावलेले नकोत, कंडिशनर नको, ओले तर अजिबात नकोत. सलूनमध्ये आधी हेअरवॉश, मग लगेच कट आणि तसेच ओलसर केस प्लॅस्टिकच्या पिशवीत, हा क्रम पावसाळ्यात घातक ठरतो. कुरियर चार दिवसांनी पोहोचेपर्यंत आत बुरशी धरते आणि दोन वर्षं वाढवलेले केस कचऱ्यात जातात.

दोन वर्षं का? केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वर्षाला सुमारे सहा इंच. १२ इंच द्यायचे तर दोन वर्षांची वाढ द्यावी लागते.

ओळखीच्या पेशंटसाठी केस देता येतात का?

'मावशीला कॅन्सर झालाय, मला माझे केस तिला द्यायचेत.' हा विचार अनेकींच्या मनात येतो. दुर्दैवानं वेळेचं गणित इथं जुळत नाही.

मावशीचे केस पहिल्या कीमोनंतर तिसऱ्या आठवड्यात जाणार. तुमची वेणी गोळा होऊन, तशाच पाच-सहा वेण्यांची जोड मिळून, विणून विग तयार व्हायला काही महिने लागणार. तोवर मावशीची कीमो संपत आलेली असेल. त्यामुळे आजचे केस उद्याच्या अनोळखी पेशंटसाठी असतात. रक्तदानात जसं तुमचं रक्त कुणाला जाणार हे तुम्हाला माहीत नसतं, तसंच हे.

मावशीसाठी दोन गोष्टी मात्र लगेच करता येतात. एक, तिचे केस लांब असतील तर कीमो सुरू होण्याआधीच ते व्यवस्थित कापून घेणं. २०२४ मध्ये अभिनेत्री हिना खाननं स्तनाच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर केस गळण्याआधीच कापले आणि त्याच केसांचा विग करून घेणार असल्याचं सांगितलं. स्वतःच्या केसांचा रंग आणि पोत आपोआप जुळतो. पूर्ण विग होत नसेल तर टोपी किंवा स्कार्फखाली लावायची केसांची झालर होऊ शकते. दोन, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विग बँकेची चौकशी करणं. काही ठिकाणी विग वापरून परत करण्याची सोय असते. तो स्वच्छ करून पुढच्या पेशंटला दिला जातो.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: 'स्काल्प कूलिंग' करता येईल का? कीमो सुरू असताना खास टोपीनं टाळू थंड ठेवली जाते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि केसांच्या मुळांपर्यंत औषध कमी पोहोचतं. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्तनाच्या कॅन्सरच्या, कूलिंग घेतलेल्या ९५ पैकी ४८ महिलांचे केस बऱ्याच अंशी टिकले. न घेतलेल्या गटात एकीचेही नाही. भारतात ही सोय काही मोजक्या रुग्णालयांत आहे, खर्चिक आहे आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरत नाहीत. पण विचारलं नाही तर पर्याय आहे हेही कळत नाही.

भारतात केसांची कमतरता आहे का?

इथं गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. भारत हा जगातल्या सर्वांत मोठ्या केस पुरवठादारांपैकी एक आहे.

तिरुपतीचंच उदाहरण घ्या. तिथं भाविक रोज हजारोंच्या संख्येनं मुंडण करतात. त्या केसांचा लिलाव होतो आणि तिरुमला तिरुपती देवस्थानम या विक्रीतून दरवर्षी शंभर कोटींहून अधिक रुपयांचं उत्पन्न अंदाजपत्रकात धरतं. भाविक केस देवाला अर्पण करतात, देवस्थान ते उघडपणे विकतं, पैसा देवस्थानाच्या कामाला जातो. लांब केस मग विग आणि हेअर एक्स्टेन्शन होऊन अमेरिका-युरोपात पोहोचतात. गंमत म्हणजे हा व्यापार जगाला दाखवणाऱ्या २००९ च्या 'गुड हेअर' या माहितीपटात सूत्रधार होता तोच क्रिस रॉक.

दुसरा स्रोत आपल्या दारात येतो. 'केसावर फुगे' ही आरोळी गावाकडे आणि शहरातल्या वस्त्यांमध्ये अनेकांनी ऐकली आहे. त्यावरचं अहिराणी गाणं तर रील्सवर गाजलं. विंचरताना निघालेलं गुंतवळ बायका साठवून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात फुगे किंवा भांडी घेतात. हे गुंतवळ पुढे कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातं. तिथं बायका बसून एकेक केस सोडवतात आणि त्यातूनही विगचा माल तयार होतो.

हा धंदा इतका मोठा आहे की जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनं कच्च्या केसांची निर्यात 'प्रतिबंधित' यादीत टाकली. कमी किंमत दाखवून शेजारच्या देशांत केसांची तस्करी होते, अशी इथल्या उद्योगाची तक्रार होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये किलोमागे ६५ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कच्च्या केसांच्या निर्यातीवर बंदी आली.

याचा केसदानाशी संबंध काय? दोन गोष्टी. पहिली, देशात केसांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो गरीब पेशंटला परवडेल अशा विगचा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर मुक्काम करून उपचार घेणाऱ्या कुटुंबाला मानवी केसांचा चांगला विग विकत घेणं अशक्य असतं.

दुसरी, तुमची वेणी ही बाजारात किंमत असलेली वस्तू आहे. रक्तपेढीला परवाना लागतो, तिची तपासणी होते. केस गोळा करण्यासाठी अशी वेगळी व्यवस्था नाही. कुठलंही सलून किंवा इन्स्टाग्राम पेज 'केसदान शिबिर' भरवू शकतं. बहुतेक लोक प्रामाणिक हेतूनंच हे करत असतील. पण केस पुढे कुठे गेले, याचा हिशेब मागितल्याशिवाय कळणार नाही.

केस विकले म्हणजे फसवणूक असंही नाही. 'लॉक्स ऑफ लव्ह' आखूड आणि पांढरे केस विकून त्या पैशांतून विग बनवण्याचा खर्च भागवते आणि तसं जाहीरपणे सांगते. दात्याला ते आधी कळलं पाहिजे, एवढंच.

मोठ्या ब्रँडनं केस घेणं का थांबवलं?

शाम्पू बनवणाऱ्या पँटीनची 'ब्यूटिफुल लेंग्थ्स' ही मोहीम अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झाली. त्यासाठी लाखो पोनीटेल जमा झाल्या. पण २०१८ च्या अखेरीस कंपनीनं केस स्वीकारणं बंद केलं. सिंथेटिक विग सुधारले होते. ते हलके असतात, धुतल्यावर पुन्हा सेट करावे लागत नाहीत आणि अनेक पेशंट तेच पसंत करत होते.

हा मुद्दा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. कीमोच्या थकव्यात विग धुणं, वाळवणं, सेट करणं जड जातं. सहा-आठ महिन्यांसाठी अनेकींना सिंथेटिक विग पुरतो आणि तो मानवी केसांच्या विगपेक्षा खूप स्वस्त असतो. मग खऱ्या केसांची गरज कुणाला? ज्यांना विग दीर्घकाळ वापरायचा आहे त्यांना. खरे केस जास्त टिकतात, उष्णता सहन करतात, हवे तसे बांधता येतात. वेणी घालता येईल असा विग शाळेतल्या मुलीला हवा असेल, तर तिथं तुमच्या १२ इंचांची किंमत फार मोठी आहे.

केस देण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

भारतात मुंबईतल्या मदत चॅरिटेबल ट्रस्टचा 'कोप विथ कॅन्सर' हा उपक्रम, 'हेअर फॉर होप इंडिया' अशा काही संस्था या क्षेत्रात परिचित आहेत. संस्था कुठलीही असो, कात्री लावण्याआधी पुढच्या गोष्टी विचारून घ्या.

१. संस्था नोंदणीकृत ट्रस्ट आहे का? सलून केस घेत असेल तर ते पुढे कुठल्या संस्थेला देतं?

२. विग कोण बनवतं आणि गेल्या वर्षी किती विग दिले गेले?

३. विग पेशंटला मोफत मिळतो, सवलतीत मिळतो की वापरून परत द्यायचा असतो?

४. वापरता न येणाऱ्या केसांचं काय करता? विकत असाल तर पैसा कुठे जातो?

५. लांबी, रंग, मेंदी, केमिकल ट्रीटमेंटबद्दल सध्याचे नियम काय आहेत? हे नियम बदलत असतात. दोन वर्षांपूर्वीच्या पोस्टवर विसंबू नका.

६. केस मिळाल्याची पोच मिळते का?

चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट त्यांची उत्तरं तिच्याकडे तयार असतात.

कापताना हे लक्षात ठेवा. आदल्या दिवशी केस धुवा आणि पूर्ण वाळू द्या. तीन-चार पोनीटेल घाला, प्रत्येकीला वर आणि खाली रबरबँड लावा. वरच्या रबरबँडखालची लांबी टेपनं मोजा. कात्री वरच्या रबरबँडच्या वर चालली पाहिजे, म्हणजे मुळाकडची बाजू बांधलेलीच राहील. डोकं पूर्ण भादरायची गरज नाही. १२ इंच देऊनही खांद्यापर्यंत केस उरत असतील तर तेवढंही पुरेसं आहे.

केस आखूड असतील तर?

मग पैसे द्या. ऐकायला कोरडं वाटेल, पण विग अडतो तो बहुतेकदा कारागिरीच्या खर्चापाशी. केसांसोबत पाचशे-हजार रुपये पाठवणारा दाता संस्थेच्या जास्त कामाचा असतो. रीलमध्ये पोनीटेलसोबत यूपीआयची पावती दिसली तर ती दाखवेगिरी समजू नये. सुती स्कार्फ, मऊ टोप्या, विग बँकेला जुना पण चांगला विग देणं, हेही दानच आहे.

आणि पेशंटला विग नकोच असेल तर? तेही तितकंच योग्य आहे. ताहिरा कश्यप फेब्रुवारी २०१९ मध्ये लॅक्मे फॅशन वीकच्या रॅम्पवर केस नसलेल्या डोक्यानं चालली होती. जपानमध्ये २००९ पासून केसदानाचं काम करणारी जेएचडी अँड सी ही संस्था हजारो लोकांकडून केस घेते. तरीही 'विग घालावाच लागणार नाही असा समाज' हेच आपलं ध्येय असल्याचं ती सांगते. केस नाहीत म्हणून कुणाला लपावं लागत असेल, तर तो प्रश्न एकट्या विगनं सुटत नाही, हे या कामात मुरलेल्या लोकांनाच जास्त ठाऊक असतं.

तुमची वेणी पुढच्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यावर असू शकते. त्यासाठी दोन वर्षं केस वाढवणाऱ्यानं सलूनमध्ये जाण्याआधी दहा मिनिटांचा एक फोन करायला हवा. आणि दान करा किंवा करू नका, लोकलमध्ये समोर स्कार्फ बांधलेली बाई बसली असेल तर तिच्या डोक्याकडे पाहत राहू नका. त्यासाठी १२ इंचांची अट नाही.